टस्कनीत आठवडाभर आख्खा व्हिला, अकरा माणसं, सोबत आई-बाबा आणि आत्या. कुणी केलंय का असं?

पाथर्डी_फाटा

नमस्कार मंडळी, जरा लांबड लागणारे, सांभाळून घ्या.

येत्या मेमध्ये आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. हॉल, केटरर, आहेर असलं काही नको हे बाबांनी आधीच जाहीर करून टाकलंय. धाकट्या भावाच्या (पुण्याला आयटीत, म्हणजे कल्पना त्याच्या आणि धावपळ माझी) डोक्यात आलंय की सगळ्यांनी मिळून इटलीला जायचं, आणि टूर कंपनीसोबत आठ दिवसांत पाच देश असं नाही, तर टस्कनीत खेड्यात एक आख्खा व्हिला घ्यायचा आणि शनिवार ते शनिवार तिथेच राहायचं. फोटो पाठवलेत. दगडी घर, घरापर्यंत सायप्रसच्या झाडांची रांग, स्विमिंग पूल, खाली उतारावर द्राक्षाच्या ओळी, कियांती भागात, सिएनाहून अर्धा तास. सहा बेडरूम. मालकाने आठवड्याचे ५,२०० युरो सांगितलेत, डिपॉझिट वेगळं. भावाने लगेच हिशोब मांडून दाखवला की अकरा जणांत सात रात्रींचे वाटले तर माणशी रात्रीला ६७-६८ युरो पडतात, म्हणजे सात हजारांच्या आसपास, एवढ्यात तिकडे बरं हॉटेलही येत नाही. हिशोब चुकीचा नाहीये.

बायकोने त्या फोटोंत सगळ्यात आधी स्वैपाकघर बघितलं. म्हणाली, "ओटा छान आहे, तिथे उभं कोण राहणार ते आधी ठरवा." तेव्हापासून घरात हा विषय जपून निघतो.

वहिनीचं म्हणणं, एवढा खर्च करायचा तर इथे नाशिकलाच गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला एखादा झकास व्हिला घेऊ, सगळे नातेवाईक येतील, आचारी असेल, दृश्य तेच. बाबा कशालाच काही बोलत नाहीत, नुसते "बघा तुम्ही" म्हणतात. आत्याला कांदा-लसूण चालत नाही आणि ती अंडंही खात नाही. आईचे गुडघे दुखतात. गाडी मी आणि भाऊ चालवू शकतो पण परदेशात कधी चालवलेली नाही. व्हिसाला सगळ्यांनी मुंबईला जावं लागतं का तेही माहीत नाही. कुणी असं व्हिला घेऊन राहिलं असेल तर खरं काय ते सांगा, फोटोत काय दिसत नाही ते सांगा.

---

कॉलेजरोडची_मी

आम्ही राहिलोय, कियांतीत आणि नंतर खाली सिएनाच्या दक्षिणेला वाल दोर्चात, दोन कुटुंबं मिळून. तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा, तिने बरोबर जागी बोट ठेवलंय.

व्हिला म्हणजे हॉटेल नाही हे आपल्याला ऐकून माहीत असतं पण अंगावर तिथे गेल्यावरच येतं. मालक किंवा त्याचा माणूस शनिवारी दुपारी चार-पाचला किल्ली देतो, पूल कसा, कचरा कुठे, वायफायचा पासवर्ड काय हे सांगतो आणि निघून जातो, की संपलं. रोज कुणी येऊन भांडी घासत नाही, चादरी बदलायच्या म्हटलं तर वेगळे पैसे, स्वैपाकी हवा तर तो आधी सांगून ठरवायचा. जवळचं दुकान पाच-सहा किलोमीटरवर, तेही दुपारी बंद, रविवारी बहुतेक ठिकाणी दुपारनंतर काही मिळत नाही. आणि तुम्ही पोचणार शनिवारी संध्याकाळी. म्हणजे अकरा माणसांचं रविवारचं जेवण शनिवारीच येताना घ्यायचं, कूप किंवा एस्सेलुंगाचं मोठं सुपरमार्केट लागेल रस्त्यात, तिथे थांबून गाडी भरून सामान घ्या.

स्वैपाकघर फोटोत देखणं असतं यात वाद नाही. पण तिकडे घरगुती वीज कनेक्शन साधारण तीन किलोवॅटचं असतं. ओव्हन लावला, वॉशिंग मशीन चालू आहे आणि कुणीतरी चहाला इलेक्ट्रिक किटली लावली की खट्कन सगळं घर अंधारात, मग मोबाईलचा टॉर्च घेऊन मीटरची पेटी शोधा. मोठ्या व्हिलांना जास्त लोड असतो, पण मालकाला सरळ विचारा किती किलोवॅट आहे म्हणून. एसी असेल तर तो भाड्यात आहे का मीटरप्रमाणे वेगळा हेही विचारा, बऱ्याच ठिकाणी वेगळा असतो. व्होल्टेज आपल्यासारखंच आहे, पण आपली तीन गोल पिनांची प्लग तिथे बसत नाही, अ‍ॅडॅप्टर चार-पाच न्या, अकरा माणसांचे मोबाईल आहेत.

तवा मिळणार नाही. जाड बुडाचं पॅन मिळेल, लाटण्याऐवजी आम्ही रिकामी वाइनची बाटली वापरली आणि उत्तम चालली.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आईंचे गुडघे. ती जुनी दगडी घरं मुळात शेतकऱ्यांची. खाली गोठा आणि कोठार, माणसं वरच्या मजल्यावर, आणि वर जायला बाहेरून दगडी जिना, अशी बांधणी. आता खालच्या गोठ्याचा दिवाणखाना झालाय आणि झोपायच्या खोल्या वरच राहिल्यात. सहा बेडरूम आहेत म्हणतायत तर त्यातली तळमजल्यावर किती आणि तिला लागून बाथरूम आहे का, हे मालकाकडून लिहून घ्या. फोटोवरून कळत नाही, फोटो सगळे पुलाचे असतात.

पुलावरून आठवलं, मेमध्ये पूल उघडा असेल पण गरम केलेला नसेल तर पोरं एकदा पाय घालतील आणि बाहेर येतील. संध्याकाळी स्वेटर लागतो.

माझं मत विचाराल तर आख्खा व्हिला घेऊ नका, अ‍ॅग्रिटुरिझ्मो घ्या. शेतावरच राहायचं, पण दोन-तीन स्वतंत्र अपार्टमेंट असतात, प्रत्येकात छोटं किचन, आणि संध्याकाळी आधी सांगितलं तर मालकीणबाई जेवण करून घालतात, त्यांच्याच शेतातलं तेल, त्यांच्याच भाज्या. एकत्रही राहता आणि दिराच्या समोर गाऊनवर फिरायची वेळही येत नाही. (हे तुमच्या बायकोसाठी.)

---

टोमणेबहाद्दर

अहो सातासमुद्रापार जाऊन द्राक्षाचे मळेच बघायचेत ना? सावरगावच्या रस्त्याला लागा, तिथे टस्कन धाटणीचं रिसॉर्ट बांधलेलं आहेच, द सोर्स. खोलीतून वेली दिसतात, धरणावरचा वारा मोफत, आणि येताना मिसळ. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते उकरलेत तेवढं सोडलं तर व्हिसाही लागत नाही. वहिनींना माझा पाठिंबा.

---

पाथर्डी_फाटा

@टोमणेबहाद्दर 😀 हे भावाला दाखवलं तर तो मला कुटुंबातून काढून टाकेल.

@कॉलेजरोडची_मी ताई, खूप आभार. जिन्याचं अजिबात लक्षात आलं नव्हतं. मालकाला विचारलं, सहापैकी फक्त एक खोली खाली आहे आणि तिचं बाथरूम पॅसेजच्या पलीकडे. अ‍ॅग्रिटुरिझ्मो म्हणजे आपल्याकडच्या फार्महाऊससारखंच ना? कारण धरणाकडच्या फार्महाऊसवर रात्री दोनपर्यंत डीजे ऐकायचा अनुभव घेऊन झालाय.

---

पिंपळगावचा_बागायतदार

नाही भाऊ, तसं नाही. मी शेतकऱ्यांच्या अभ्यासदौऱ्यात गेलेलो, तेव्हा माहिती घेतलेली.

इटलीत अ‍ॅग्रिटुरिझ्मोसाठी स्वतंत्र कायदा आहे, पहिला १९८५ चा, नंतर २००६ ला नवा आला. ते चालवणारा शेतकरीच पाहिजे आणि शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे, पाहुणे हा जोडधंदा. जेवण वाढायचं तर त्यातला मोठा वाटा स्वतःच्या नाहीतर आसपासच्या शेतातला हवा, टक्के प्रत्येक प्रांताचे वेगळे. कायदा आला तो उगाच नाही. तिकडे मेझाद्रिया नावाची पद्धत होती, आपल्याकडच्या अर्धलीसारखी, जमीन मालकाची, कष्ट कुळाचे, पीक निम्मं निम्मं. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळं शहरात कारखान्यात गेली, १९६४ ला तसे नवे करार करायला बंदीच आली, आणि डोंगरावर हजारो दगडी घरं ओस पडली. तुमचा भाऊ जे घर बघतोय ते बहुतेक अशाच एखाद्या कुळाचं असणार. काही घरं परदेशी लोकांनी मातीमोल भावात घेऊन व्हिला केले, काही शेतकऱ्यांनी राखली आणि पाहुणे ठेवायला लागले. आपल्याकडे पण २०२० ला राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलंय, चांगलं आहे, पण प्रत्यक्षात शेतात पूल बांधला की झालं कृषी पर्यटन अशी समजूत आहे बऱ्याच जणांची. मी स्वतः बागेच्या कडेला दोन खोल्या काढायच्या विचारात आहे म्हणून जरा जास्त बोललो.

आता वहिनी म्हणतात दृश्य तेच, ते काही पटत नाही. मेमध्ये आपल्या बागेत बघायला काय असतं? माल मार्च-एप्रिलपर्यंत निघून गेला, एप्रिलमध्ये खरडछाटणी झाली, मांडवावर नवी फूट आलेली, उन्हाचा तडाखा, आणि आम्ही सबकेन (काडीचा शेंडा खुडून बगलफूट घेणं) करत बसलेलो. आपल्याकडे वेल झोपतच नाही म्हणून एका पिकासाठी दोन छाटण्या, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोड्या बहाराची. तिकडे थंडीत वेल पानं टाकून खरंच झोपतो, छाटणी एकदाच हिवाळ्यात, एप्रिलमध्ये डोळे फुटतात, मेअखेर-जूनमध्ये फुलोरा आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबर. मांडव नाही, वाय आकाराचे अँगल नाहीत, सरळ तारेवर ओळी. त्यामुळे मेमध्ये सगळं कोवळं हिरवं असतं, गहू पण हिरवा, बांधावर लाल पॉपी. भावाने पाठवलेल्या फोटोत वेली पिवळ्या-तांबड्या असतील तर तो ऑक्टोबर आहे, आणि सूर्यफुलं असतील तर जुलै. मेमध्ये जाऊन ते दिसणार नाही एवढं घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर आत्या म्हणतील फसवलं.

द्राक्षं खायला मिळणार नाहीत हे वेगळं सांगायला नको. आणि तिथली सांजोवेसे मिळाली तरी ती वाइनची, छोटी, बियांची, आपल्या थॉमसनची सर नाही 😀

---

आरटीओ_पेठरोड_पीडित

गाडीबद्दल मी लिहितो.

अकरा माणसं म्हणजे एका गाडीत बसणार नाहीत. आपल्या कार लायसनवर तिकडे ड्रायव्हर धरून जास्तीत जास्त नऊ सीटची व्हॅन चालवता येते. म्हणजे दोन गाड्या, आणि दोघं ड्रायव्हर रोज कामाला. दुपारी जेवणाबरोबर वाइन घेणार असाल तर हेही बोलून ठेवा कोण नाही घेणार ते, मर्यादा लिटरभर रक्तात अर्धा ग्रॅम अल्कोहोलची आहे आणि पोलीस रस्त्यात थांबवून तपासतात.

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतंच, नुसत्या आपल्या लायसनवर गाडी मिळाली तरी पोलिसाने धरलं तर दंड. परिवहन खात्याच्या सारथी साइटवर अर्ज, हजार रुपये फी, एक वर्ष चालतं. पेठ रोडच्या आरटीओला एक चक्कर होईलच, माझ्या किती झाल्या ते विचारू नका.

ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर बुक करतानाच मागा, तिकडे मॅन्युअल हेच नेहमीचं, आयत्या वेळी ऑटोमॅटिक मिळत नाही. उजव्या बाजूने चालवायची सवय अर्ध्या दिवसात होते, खरा त्रास गावात शिरताना. फ्लॉरेन्स, सिएना, पिसा, लुक्का, सगळ्या जुन्या गावांच्या गाभ्यात झेडटीएल असतं, म्हणजे तिथल्या रहिवाशांशिवाय गाडी न्यायची नाही. अडवायला कुणी नसतं, नाका नसतो, फक्त कॅमेरा. तुम्हाला काही कळतही नाही आणि चार-सहा महिन्यांनी नाशिकच्या पत्त्यावर दंड येतो. माझ्या मेहुण्याला एकाच संध्याकाळी पार्किंग शोधताना त्याच कॅमेऱ्याखालून तीनदा गेल्याचे तीन वेगवेगळे दंड आले, वर गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीने पोलिसांना नाव-पत्ता कळवल्याचे प्रत्येकी वेगळे पैसे कार्डवरून कापले. गुगल मॅप यातून वाचवेल या भरवशावर राहू नका. गावाबाहेरच्या पार्किंगमध्ये लावा आणि चालत जा.

टोलनाक्यावर पिवळ्या टेलेपासच्या (आपल्या फास्टॅगसारखं) लेनमध्ये घुसू नका, रोख किंवा कार्डवाली लेन बघा. फ्लॉरेन्स ते सिएना जो मोठा रस्ता आहे त्याला टोल नाही. डिझेलला तिथे गासोलिओ म्हणतात, गॅसोलीन समजून पेट्रोलच्या गाडीत तेच भरणारे महाभाग आहेत.

आणि त्या सायप्रसच्या रांगेतून घरापर्यंत जाणारा सुंदर पांढरा रस्ता दिसतोय ना फोटोत, तो खडीचा कच्चा रस्ता असतो. दोन-तीन किलोमीटर, चढ, एकच गाडी जाईल एवढा, दिवे नाहीत. रात्री जेवून परत येताना काय होतं ते इगतपुरीच्या आतल्या भागात पावसाळ्यात गेलेल्यांना सांगायला नको.

गाडी नकोच असेल तर ड्रायव्हरसकट व्हॅन मिळते, महाग आहे पण आठवड्यातून दोन-तीन दिवसच घ्यायची आणि बाकी दिवस घरी लोळायचं. मुळात व्हिला कशासाठी घेतात, लोळायलाच ना?

---

मुंबईनाक्यावरून

व्हिसाचं. इटलीचे अर्ज व्हीएफएस या व्हिसा अर्ज घेणाऱ्या एजन्सीकडे जातात, आपल्याला मुंबई. गेल्या ५९ महिन्यांत शेंगेन व्हिसासाठी (इटलीला तोच लागतो) बोटांचे ठसे दिलेले नसतील तर ज्येष्ठांसकट सगळ्यांना स्वतः जावं लागतं, १२ वर्षांखालच्या पोरांचे ठसे घेत नाहीत. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ च्या मुलांना ४५, त्याखाली फुकट, व्हीएफएसचे चार्ज वेगळे. विमा किमान ३०,००० युरोचा. सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. मेसाठी सगळेच धावतात म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट बघा. इगतपुरीहून समृद्धीला लागलात तर पहाटे निघून सकाळची वेळ गाठता येते.

राहण्याच्या पुराव्यात अकराही जणांची नावं असलेलं कन्फर्मेशन मागून घ्या, नुसतं भावाच्या नावावर बुकिंग असेल तर बाकीच्यांच्या फाइलला प्रश्न येतो.

आणि पैसे पाठवायच्या आधी एक गोष्ट. इटलीत १ जानेवारी २०२५ पासून पर्यटकांना भाड्याने द्यायच्या प्रत्येक घराला सीआयएन नावाचा राष्ट्रीय कोड सक्तीचा आहे, जाहिरातीत लिहायलाच लागतो. मालकाला तो मागा. दुसऱ्याच घराचे फोटो टाकून "डिस्काउंट देतो, थेट खात्यात पाठवा" म्हणणारे खूप आहेत, आणि टस्कनीतला व्हिला म्हणजे त्यांचं आवडतं खाद्य. कोड द्यायला का-कू केली तर पुढे बोलू नका. याउलट घरी पोचल्यावर मालकाने सगळ्यांचे पासपोर्ट मागितले तर घाबरू नका, पाहुण्यांची नोंद २४ तासांत पोलिसांकडे करणं त्याला बंधनकारक आहे. माणशी रात्रीचा टुरिस्ट टॅक्स तिथे वेगळा द्यावा लागतो, गावागणिक दर वेगळा, लहान मुलांना बहुतेक ठिकाणी माफ.

---

आत्याबाईंचा_भाचा_नं_२

खाण्याचं कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून. आमच्या घरीही अशाच एक आत्या आहेत.

तूप नेऊ नका. पेढे, श्रीखंडाच्या वड्या, खव्याचं काहीही, दूध पावडर, काही नाही. युरोपीय संघात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे, कस्टमने उघडलं तर समोर टाकून देतात. ताजा कढीपत्ता पण नाही, आंबेसुद्धा नाहीत (मे महिना आहे, कुणाला तरी हापूस न्यायची हुक्की येणारच). डाळ, गोडा मसाला, मेतकूट, साबुदाणा, शेंगदाणे, कोंड्याजीचा चिवडा हे सगळं आरामात जातं. तांदूळ नेऊ नका, तिथे मिळतो, जरा चिकट असतो पण मुगाच्या खिचडीला उलट बरा.

बाहेर खाताना आत्यांसाठी खरी अडचण कांदा-लसणाचीच, शाकाहाराची नाही. टस्कनीचं साधं खेड्यातलं खाणं बरंचसं भाजी-पाव-कडधान्याचं आहे. पण सूपचा रस्सा मांसाचा असू शकतो, विचारायचं. आणि पार्मेझान, पेकोरिनो ही चीज वासराच्या किंवा कोकराच्या पोटातल्या रेनेटने (दूध गोठवणारा पदार्थ) लावतात, त्यांना चालणार नसेल तर आधीच कळलेलं बरं, तिथे टेबलावर कळलं तर जेवण राहतं बाजूला. पिसा-लिव्होर्नोकडे चेचिना म्हणून हरभऱ्याच्या पिठाची मोठ्या तांब्याच्या ताटात भाजलेली खमंग पोळी मिळते, त्यात पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल, बाकी काही नाही. आमच्या आत्यांनी चार दिवस तीच खाल्ली आणि वर म्हणाल्या यांना हिंग माहीत असता तर काय झालं असतं. पाव तिथला बिनमिठाचा असतो, तो खराब नाहीये, तसाच करतात.

अजून एक, टस्कनीच्या नावाचे पैसे द्यायचे नसतील तर खाली पुलियाचा विचार करा. बारी विमानतळाजवळचा भाग सपाट आहे, मास्सेरिया म्हणजे जुनी तटबंदीवाली शेतघरं आता पाहुण्यांसाठी केलेली, त्यातल्या बऱ्याच एकमजली, म्हणजे जिन्याचा प्रश्न कमी. अल्बेरोबेल्लोची शंकूसारख्या दगडी छपरांची त्रुल्ली घरं युनेस्कोच्या यादीत आहेत, पोरांना टस्कनीपेक्षा तीच आवडतील. फक्त पार दक्षिणेला सालेंतोत घेऊ नका, २०१३ पासून झायलेला नावाच्या रोगाने तिथली ऑलिव्हची लाखो झाडं वाळली, मैलोन् मैल करडी खोडं उभी आहेत.

---

पिंपळगावचा_बागायतदार

त्या झायलेलाचं खरं आहे, शंभर-शंभर वर्षांची झाडं गेली. आपल्याकडे डाऊनीने एका हंगामाचा माल जातो तर आपण एवढे हवालदिल होतो.

---

टोमणेबहाद्दर

सगळं झालं, पण ज्यांच्या लग्नाची पन्नाशी आहे त्यांना कुणी विचारलं का? "बघा तुम्ही" म्हणजे आपल्या घरांत "नको" असतं हो बऱ्याचदा.

---

कॉलेजरोडची_मी

टोमणे मारले तरी मुद्दा बरोबर आहे. माझ्या सासऱ्यांना तिसऱ्या दिवशी कंटाळा आला होता. दृश्य दोन दिवस बघून होतं, मग माणसं लागतात. रोज संध्याकाळी त्यांना खालच्या गावात चौकात नेऊन बसवायला लागलो. तिथे सहा-सातनंतर आख्खं गाव फिरायला बाहेर पडतं, म्हातारी मंडळी बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला न्याहाळत असतात, आमचे हे त्यांच्यात जाऊन बसले. भाषा शून्य, पण एका आजोबांशी हातवाऱ्यांनी पाऊस आणि गव्हाचं पीक यावर अर्धा तास बोलले. त्यामुळे घर गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर मिळालं तर पूल नसला तरी घ्या.

---

पाथर्डी_फाटा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील वाटलं नव्हतं.

बाबांना काल सरळ विचारलं. म्हणाले जायला हरकत नाही पण सात दिवस डोंगरावर नको, आणि "तुझ्या आईला तिथे ओट्यापाशी उभी केलीत तर मी येणार नाही." आई म्हणाली की हे ५० वर्षांत पहिल्यांदा बोलले.

तर भावाचा सहा बेडरूमचा व्हिला रद्द. (तो व्यवहार तसाही गडबडलाय, मालकाला सीआयएन विचारल्यापासून उत्तरच नाही. बरं झालं डिपॉझिट गेलं नव्हतं.) वाल दोर्चात पिएन्झाजवळ एक अ‍ॅग्रिटुरिझ्मो सापडलंय, तीन अपार्टमेंट, दोन तळमजल्यावर, गाव चालत पंधरा मिनिटं, रात्रीचं जेवण सांगितलं तर मिळतं. चार रात्री तिथे, मग तीन रात्री फ्लॉरेन्सला हॉटेल. त्यांना मेल टाकलाय की एका माणसाला कांदा, लसूण, अंडं आणि रेनेटचं चीज चालत नाही. मालकीणबाईंचं उत्तर आलं, भाषांतर करून वाचलं, त्या विचारतायत की मग हा माणूस जेवतो काय. आत्याने मेनू सांगितलाय, तो पाठवतोय.

गाडी पहिले दोन दिवस ड्रायव्हरवाली. परमिटसाठी सोमवारी पेठ रोड. कुणाला तिथला कमी गर्दीचा वेळ माहीत असेल तर सांगा.

---

आरटीओ_पेठरोड_पीडित

असा वेळ नसतो. कागदांच्या झेरॉक्स दोन-दोन न्या आणि डबा सोबत ठेवा.